पद्मिनीचा नवा सायलेन्सर संच: सात महिन्यांनंतर, आणि पितळी नटांविषयी जरा जास्तच

गेल्या जूनमध्ये पुण्याच्या नाना पेठेतून आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीसाठी इंजिनापासून खाली येणारा डाउन पाइप, सायलेन्सर आणि मागचा टेल पाइप असा धूर बाहेर नेणारा पूर्ण संच ३,८०० रुपयांना घेतला, बसवण्याची मजुरी म्हणून ९०० रुपये वेगळे मोजले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तेव्हा बोनेटखालून पूर्वीचीच टक-टक पूर्वीच्याच उत्साहाने ऐकू आली. त्या रागात हा अनुभव लिहायला बसलो असतो तर संचाची सालटी काढली असती. सात महिने थांबलो, हे संचाच्या दृष्टीने बरेच झाले.

आवाजाची सुरुवात मार्चमध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर झाली. सपाटीवर जेमतेम जाणवणारा आवाज दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना इतका वाढला की मागे बसलेल्या आईने इंजिनात काही सुटले आहे का, असे विचारले. पुण्यात परतल्यावर नेहमीच्या गॅरेजमध्ये टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग सैल झाल्याचे, निदान झाले. टॅपेट दोनदा सेट करून ७०० रुपये गेले, तरी आवाज होता तेथेच. या चुकीबद्दल मी गॅरेजवाल्यांना पूर्ण दोष देत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो आणि टॅपेट चालवणारा कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्याच वेगाने फिरतो, त्यामुळे एका सिलिंडरपाशी होणारी धुराची गळती, जी आमचे खरे दुखणे निघाली, आणि एक सैल टॅपेट यांचा ठेका अगदी एकच असतो. फरक कळतो तो भारावर. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गळतीचा आवाज मोठा होतो, टॅपेटचा फारसा होत नाही. शिवाय थंड इंजिनावर गळती खडखडून बोलते आणि धातू तापून फट आवळली गेली की दबते. ही दोन्ही लक्षणे मी स्वतः सांगितली होती, ती मात्र कोणी ऐकून घेतली नाहीत.

त्यानंतर दुसऱ्या एका गॅरेजने गाडीखाली न वाकताच सायलेन्सर गेल्याचे सांगितले. उताराला पाय उचलल्यावर मागून फट-फट होते, एवढा पुरावा त्यांना पुरला. ती फट-फट खरी होती, पण तिचे कारण निराळे होते. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळापाशी, फट असली की तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल तिच्या जोरावर सायलेन्सरमध्ये पेट घेते. म्हणजे फटाके मागे वाजत होते आणि वात पुढे होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून संच घेतला. जुना सायलेन्सर मजुरीतून वजा करून गॅरेजनेच १५० रुपयांत भंगारात घेतला. तो आतून शाबूत होता, हे आता कळून उपयोग नाही.

संचाविषयी माझे पहिल्या आठवड्यातले मत वाईट होते. पत्रा जुन्यापेक्षा पातळ वाटतो, टेल पाइपचा बाक मागच्या एक्सलवरून जाताना हवा त्यापेक्षा बोटभर खाली बसतो, आणि सोबत दिलेले हँगर रबर इतके कडक होते की उभ्या गाडीतही सायलेन्सरची थरथर पायाला लागत असे. दुकानदाराचे म्हणणे असे की पद्मिनीचा माल टॅक्सीवाल्यांच्या जोरावर चालत होता, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरल्यापासून जे मिळते आहे ते पदरात पाडून घ्यावे. युक्तिवाद बिनतोड होता, पण त्याने टक-टक थांबत नव्हती.

आवाजापेक्षा मला वासाची धास्ती होती. सिग्नलला थांबल्यावर डॅशबोर्डखालून धुराचा वास येऊ लागला होता, आणि धुराला वास असला तरी त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो. बोनेटखालची गळती फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, वायरिंगसाठी पाडलेल्या छिद्रांतून आणि फुटलेल्या रबरी ग्रोमेटांतून सरळ आत येते. म्हणून जुलैत आईला गाडीत बसवणे बंद केले आणि एका रविवारी पार्किंगमध्ये स्वतःच शोध घ्यायचे ठरवले.

खर्च शून्य रुपये झाला, म्हणून पद्धत सविस्तर सांगतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला नळी लावून उलटा चालवला, नळीचे दुसरे टोक ओल्या फडक्याने गुंडाळून टेल पाइपमध्ये घट्ट बसवले आणि थंड, बंद इंजिनावर भांड्यांच्या साबणाचे पाणी रंगाच्या ब्रशने एकेका जोडावर लावत गेलो. नव्या संचाच्या जोडांवर एकही बुडबुडा आला नाही. डाउन पाइपच्या फ्लँजवरही नाही. शेवटी फायरवॉलजवळच्या चौथ्या सिलिंडरपाशी, जेथे हात जेमतेम पोहोचतो, तेथे साबणाचा फेस भजे फुगावे तसा फुगून आला. टॉर्च मारल्यावर हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, काजळीची काळी जीभ स्पष्ट दिसली. खात्रीसाठी इंजिन सुरू करून क्षणभर बंद केले, रबरी हातमोजा घालून चौथ्या प्लगची वायर काढून ठेवली आणि पुन्हा सुरू केले. टक-टक जवळपास नाहीशी झाली. टॅपेट असता तर तो वायर काढल्याने गप्प बसला नसता.

आता नटांविषयी, कारण माझ्या मते या प्रकरणातला खरा आरोपी सहा रुपयांचा आहे. मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, पूर्वी कोणीतरी साधे लोखंडी नट बसवले होते. पितळी नट गंजून स्टडला चिकटत नाही, आणि अडलाच तर नरम असल्यामुळे आधी त्याचे आटे जातात, स्टड वाचतो. लोखंडी नट काही वर्षांच्या उष्णतेनंतर स्टडशी एकजीव होतो आणि पाना लावला की स्टडच पिळवटून तुटतो. आमच्या चौथ्या पोर्टाचा, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या धुराच्या तोंडाचा, एक स्टड असाच अर्धा तुटून हेडमध्ये अडकला होता, आणि ज्याने तो तोडला त्याने उरलेल्या नटांच्या भरवशावर मॅनिफोल्ड तसाच आवळून दिला होता. काम कोणाचे हे आता सिद्ध करता येणार नाही. पितळी नट पंचवीस रुपयांना एक मिळतो. गाडीमागे दीडेकशे रुपये वाचवण्यासाठी माझे पाच हजारांवर गेले, हा हिशेब मी गेल्या सात महिन्यांत चहाला आलेल्या प्रत्येकाला ऐकवला आहे.

तुटका स्टड काढण्यासाठी एका वयस्कर लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी हेड न उतरवता, बाहेर डोकावणाऱ्या तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड केला. ॲल्युमिनियमच्या हेडला तो वेल्ड धरत नाही, लोखंडी स्टडला मात्र धरतो, आणि त्या धगीने आटे सुटतात. नट लाल होऊन पुन्हा काळा पडेपर्यंत ते शांतपणे तंबाखू मळत बसले. मग तेरा नंबरचा पाना लावून आधी किंचित आवळले, मग सोडले, पुन्हा आवळले, आणि तिसऱ्या खेपेला स्टड करकरत बाहेर आला. मी गडबड करतो आहे हे पाहून म्हणाले, "साहेब, घाई केली असती तर हेड उतरवायला लागलं असतं."

मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली तर चौथ्या टोकाला फट मोजायची ०.३ मिलिमीटरची फिलर पट्टी सहज आत जात होती. बिडाचा मॅनिफोल्ड एका बाजूने मोकळा राहिला की तापून बाकतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हेड आणि मॅनिफोल्ड रोज एकमेकांवर घासतात आणि फट बंद करणारा मधला थर, म्हणजे गॅस्केट, रोज थोडा थोडा चिरडला जातो. मामांनी सरफेस ग्राइंडिंग करून तोंड सपाट केले. जुने गॅस्केट खरवडताना मात्र पाण्याने ओले ठेवा आणि मास्क लावा, कारण त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. नवे गॅस्केट, स्टड, पितळी नट, ग्राइंडिंग आणि मजुरी मिळून १,६५० रुपये झाले. नट मधल्या पोर्टापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले, आणि दोनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला प्रत्येक नट पाव फेरा तरी गेला, तेव्हा ही पायरी टाळू नये.

गळती गेल्यावर संचाविषयीचे मत मला बदलावे लागले. मूळ दोषामुळे जो घरघराट मी सायलेन्सरच्या पातळ पत्र्याच्या नावावर मांडत होतो, तो पत्र्याचा नव्हताच. हँगर रबर बदलल्यावर थरथरही थांबली. टेल पाइपचा बाक मात्र अजून चुकीचाच आहे. तीन माणसे मागे बसली की मोठ्या गतिरोधकावर तो एक्सलला टेकतो, आणि हा दोष मी माफ केलेला नाही.

एक चमत्कारिक गोष्ट पीयूसीच्या वेळी घडली. गळती असताना कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के आला होता, दुरुस्तीनंतर २.७! मर्यादा ३ टक्के आहे, म्हणून उत्तीर्ण झालो, पण पैसे घालून गाडी बिघडवली की काय, अशी शंका आली. नंतर उमगले की फटीतून आत जाणारी हवा धुरात मिसळून आकडा उगीच कमी दाखवत होती. कार्ब्युरेटर मुळात जास्त पेट्रोल देत होता आणि गळती त्याचे पाप झाकत होती. मिक्श्चर स्क्रू थोडा फिरवून घेतला, आता आकडा १.९ आहे आणि शहरात लिटरमागे किलोमीटरभर जास्त मिळते.

जानेवारीत खंबाटकी पुन्हा चढलो, आई मागे बसली होती आणि झोपली होती. परत आल्यावर, दुरुस्तीनंतर इतक्या महिन्यांनी काय स्थिती आहे ते पाहावे म्हणून थंड इंजिनावर चौथ्या पोर्टाच्या नटाला पाना लावला. काजळी नव्हती, गंज नव्हता, आणि तो नट मनगटाच्या एका हलक्या झटक्यात सुटला. लगेच पुन्हा आवळला. जास्तीचे घेतलेले दोन नट ग्लोव्ह बॉक्समध्ये काडेपेटीत ठेवले आहेत.