बिलावर ‘फ्युएल लाइन पूर्ण बदलली’, गाडीखाली वीतभर हीटरचा होज

गाडी जुनी, पेट्रोल इंजेक्शनची. मागच्या सीटवर बसलं की पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्याने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि बिल फाडलं: फ्युएल लाइन पूर्ण बदलली, फिल्टर नवा, मजुरी वेगळी. तीन आठवड्यांत वास परत आला.

दुसऱ्या गॅरेजात लिफ्टवर चढवल्यावर काय दिसलं? टाकीपासून इंजिनपर्यंतचा लोखंडी पाइप कंपनीचा, तोच जुना. मागच्या एक्सलच्या वर, जिथे क्लिपखाली चिखल साठतो आणि पाइप हमखास गंजतो, तिथला वीतभर तुकडा कापून मध्ये काळा रबरी होज बसवलेला. फिल्टरही जुनाच, कापडाने पुसून चकचकीत केलेला. त्याच्या क्लॅम्पच्या, म्हणजे होज आवळणाऱ्या पट्टीच्या, स्क्रूच्या खाचेत वाळलेला चिखल तसाच होता, म्हणजे तिथे स्क्रूड्रायव्हर लागलाच नव्हता.

होजवरची छपाई वाचली की सगळा उलगडा होतो. त्यावर ‘जे २० आर ३’ (J20R3) ही होजच्या प्रकाराची खूण होती. हा हीटरच्या गरम पाण्याचा होज. अशा होजचं रबर पाण्याला, कूलंटला टिकतं. पेट्रोलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं आणि आतून सालपटं सोडतं. तेच काळे कण पुढे जाऊन इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. बसवल्या दिवशी मात्र एक थेंब गळत नाही, आणि याच भरवशावर हा धंदा चालतो.

पेट्रोलच्या होजवर ‘जे ३०’ (J30, कधी नुसतं 30) हवं, आणि त्यापुढचा आकडाही पाहायचा. ‘आर ६’ आणि ‘आर ७’ कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शन नसलेल्या जुन्या गाड्यांच्या, कमी दाबाचे. तिथे दाब अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) आतच असतो. इंजेक्शनच्या लाइनमध्ये तो साधारण ३ ते ४ बार, म्हणून तिथे ‘आर ९’. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या तुकड्याला ‘आर १०’ लागतो, कारण बाकीच्यांचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं. इंजेक्शनच्या गाडीत ‘आर ७’ घालून ‘आर ९’चे पैसे घेणं हा याच खेळाचा जरा सभ्य प्रकार, दिसायला दोन्ही सारखेच काळे.

मापातही गंमत केलेली होती. पाइप बाहेरून ८ मिलिमीटर, त्याला ५/१६ इंची, म्हणजे ७.९ मिलिमीटरचा होज घट्ट बसतो. इथे ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा सैल होज घालून क्लॅम्प आवळून आवळून बसवला होता. असा होज चुणी पडून आवळला जातो आणि त्या चुणीतूनच पेट्रोल पाझरतं. क्लॅम्प साधे, पट्टीला आरपार खाचा असलेले. आवळले की त्या खाचा रबर कापतात. फ्युएल इंजेक्शनच्या क्लॅम्पची पट्टी सलग असते, कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि बाजूला छोटा बोल्ट असतो.

तिसरी चूक सगळ्यांत धोक्याची. पाइपचं कापलेलं टोक सरळसोट गुळगुळीत ठेवलेलं. ३ बार दाबाला असा होज कधीही निसटू शकतो, आणि खाली सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो. टोकाला फुगवटा हवाच. पाइपचं तोंड पसरवणाऱ्या फ्लेअरिंग टूलने डबल फ्लेअरचा (दोन टप्प्यांत दुमडलेल्या तोंडाचा) फक्त पहिला टप्पा केला की तो येतो, पाच मिनिटांचं काम. मग होज त्या फुगवट्यापलीकडे किमान इंचभर सरकवून क्लॅम्प फुगवट्याच्या मागे आवळायचा, फुगवट्यावर नाही. अर्थात एका जागी गंजून भोक पडलेल्या पाइपची बाकीची लांबीही बहुधा तशीच झालेली असते, त्यामुळे खरं काम म्हणजे तो सगळा पाइप स्टील किंवा कॉपर-निकेलचा नवा घालणं. साधं तांबं नको, ते थरथरीने कडक होऊन तडकतं. एपॉक्सी पुट्टीचं तर नावच काढू नका.

उलट बाजूची लूटही होते: ‘टाकीच गेली, पंपासकट बदला.’ टाकी काठोकाठ भरल्यावरच गळत असेल तर आधी फिलरचा होज, ब्रीदरची (टाकीतली हवा बाहेर सोडणारी) नळी आणि टाकीवरचं पंपाचं गॅस्केट तपासायचं. चावी फिरवताच थेंब आला तर दाबाची लाइन. इंजिन चालू असतानाच येत असेल तर रिटर्नवरही, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या लाइनवरही, संशय घ्या, पण ज्या गाड्यांत दाब राखणारा रेग्युलेटर टाकीत असतो त्यांना इंजिनपर्यंत रिटर्न नसतोच. जमिनीवर डाग शोधत बसू नका, पेट्रोल उडून जातं. पाइपवरची धूळ धुतली गेलेली पट्टी शोधा.

पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर असतानाच बघायचं. इंजिन गार, हातात एलईडी टॉर्च. काचेच्या बल्बचा दिवा नको, फुटला तर तिथेच भडका. चावी चालू करायची, सेल्फ मारायचा नाही. पंप दोन-तीन सेकंद घुमून थांबेल. असं चार-पाच वेळा केलं की लाइनमध्ये पूर्ण दाब येतो. प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद गुंडाळून बघा. होजवरची छपाई दिसत नसेल, आतल्या बाजूला वळवून बसवली असेल, तर फिटरला तो भाग दाखवायला लावा. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे आहे ना, तेही बघा. आणि काढलेला जुना पाइप मागा. पूर्ण लाइन बदलली असेल तर टाकीपासून इंजिनपर्यंतचा पाइप, अखंड नसला तरी तुकड्यातुकड्यांत, तिथेच पडलेला असायला हवा.