बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम: व्हाइट टायगर्ससाठी तरी बघाच

गोव्यातल्या दाबोळी एअरपोर्टपासून जवळच आहे, बीचवर जायच्या आधी उरकता येतं. मला खास ३०० नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे नेव्हीच्या व्हाइट टायगर्स या लढाऊ विमानांच्या तुकडीची विमानं बघायची होती आणि पैसे वसूल झाले. १९६० ला सी हॉक या जेट लढाऊ विमानांवर सुरू झालेली स्क्वाड्रन, ४ डिसेंबर १९७१ ला युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून यांनीच तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार नि चितगाववर हल्ले केले, त्याच जातीचं सी हॉक इथे समोर उभंय, एवढुसं विमान बघून ऊर भरून येतो खरंच. मग १९८३ पासून स्क्वाड्रनकडे सी हॅरियर. त्याच्या पोटाजवळचे चार नोझल (इंजिनाचा झोत बाहेर पडायची तोंडं) नीट बघा, ते खाली वळवले की विमान जागच्या जागी सरळ उतरायचं. ते २०१६ ला रिटायर झालं, आता स्क्वाड्रनकडे मिग-२९के. मोठी विमानं उघड्यावर आहेत, सकाळीच जा.