अल्झायमरमधील प्रथिनांच्या अभ्यासासाठी निधी: भारतातील नव्या संशोधकाने कोणते दार आधी ठोठावावे?

अल्झायमर रोगात मेंदूतील प्रथिने कशी बिघडतात या प्रश्नावर काम करण्यासाठी ज्याला किंवा जिला भारतात नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आहे, अशा संशोधकापुढे आज निधीचे मुख्यतः चार मार्ग आहेत. पहिला केंद्र सरकारच्या प्रकल्प अनुदानांचा, म्हणजे प्रामुख्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ). दुसरा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपचा. तिसरा अल्झायमर्स असोसिएशन आणि ब्राइटफोकस फाउंडेशन यांसारख्या, देणग्यांवर चालणाऱ्या अमेरिकी संस्थांचा, आणि चौथा अमेरिकी सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा (एनआयएच). पुण्या-मुंबईच्या संस्थांत या विषयाकडे वळणारे तरुण संशोधक बहुतेकदा यांतली सर्वात मोठी रक्कम पाहून सुरुवात करतात. माझे मत असे की रकमेचा विचार नंतर करावा. आपल्या प्रश्नाला कोणते साहित्य लागते आणि उत्तर यायला किती काळ लागतो, या दोन गोष्टींवरून दार निवडावे.

प्रश्न कोणता, त्यावर खर्च ठरतो

या रोगात दोन प्रथिने केंद्रस्थानी आहेत. पेशींच्या बाहेर साचणारे अमायलॉइड-बीटा १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी वेगळे केले. पेशींच्या आतल्या गाठी टाऊ या प्रथिनाच्या असतात हे १९८६ च्या सुमारास स्पष्ट झाले. यांपैकी टाऊचा अभ्यास करायचा म्हटला, तरी त्याचे खर्चाच्या दृष्टीने तीन पूर्णपणे वेगळे प्रकार होतात.

पहिला प्रकार परीक्षानळीतला. जिवाणूंकडून टाऊ तयार करून घ्यायचे, ते शुद्ध करायचे, त्याचे तंतू कसे जुळतात हे थायोफ्लेविन-टी या रंगद्रव्याच्या चमकेवरून मोजायचे. हे काम तुलनेने स्वस्त आहे, पण त्यावर वर्षानुवर्षे एक रास्त आक्षेप होता: तंतू जुळवण्यासाठी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) वापरले जाते आणि त्यातून मिळणारे तंतू रुग्णाच्या मेंदूतील तंतूंसारखे नसतात. ब्रिटनमधील केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने २०१७ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (यात नमुना गोठवून पाहतात) रुग्णाच्या मेंदूतील टाऊ तंतूंची रचना उलगडली आणि २०१९ मध्ये हा फरक डोळ्यांसमोर ठेवला. पुढे २०२२ मध्ये तिथल्याच गटाने दाखवले की २९७ ते ३९१ या अमिनो आम्लांपुरता टाऊचा तुकडा योग्य परिस्थितीत, हेपॅरिनशिवाय, अल्झायमरमध्ये आढळतात त्याच रचनेचे तंतू बनवू शकतो. नव्या आणि छोट्या प्रयोगशाळेसाठी या शोधाचे मोल फार मोठे आहे, कारण आता मर्यादित निधीतही रोगाशी खरोखर संबंध असलेली रचना हाताळता येते आणि तिला रोखणारे रेणू शोधता येतात.

दुसरा प्रकार उंदरांवरचा. पीएस-१९ या, सदोष मानवी टाऊ जनुक घातलेल्या उंदरांत गाठी दिसू लागायला सुमारे सहा महिने आणि चेतापेशी नष्ट होताना दिसायला नऊ ते बारा महिने लागतात. त्याआधी उंदीर परदेशातून आणणे, प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी घेणे, वंश वाढवणे यांत सहज वर्ष जाते. तीन वर्षांच्या अनुदानात अशा उंदरांची जेमतेम एक नीट तुकडी तपासून होते, आणि पहिल्या तुकडीत काही चुकले तर दुसरी तुकडी म्हातारी होण्याआधीच प्रकल्पाची मुदत संपते.

तिसरा प्रकार मानवी ऊती, रक्त आणि मेरुद्रव यांवरचा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदू ऊतींचे भांडार आहे, पण तिथून नमुने मिळवण्यासाठी रुग्णालयाशी सहकार्य, नैतिकता समितीची मान्यता आणि चिकाटी लागते.

रक्कम आणि मुदत

एएनआरएफच्या पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँटमध्ये, नियमित पदावर नव्याने रुजू झालेल्या संशोधकाला तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते, संस्थेचा वरखर्च वेगळा. अल्झायमर्स असोसिएशनचे संशोधन अनुदान साधारण दीड ते दोन लाख डॉलरचे आणि तीन वर्षांपर्यंतचे असते. ब्राइटफोकसचे नेहमीचे अनुदान तीन वर्षांत तीन लाख डॉलरपर्यंत जाते. म्हणजे आजच्या दराने अमेरिकी देणगी संस्थांची रक्कम भारतीय अनुदानाच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक भरते. पण तिन्हींची मुदत सारखीच आहे, आणि उंदीर डॉलरमध्ये लवकर म्हातारे होत नाहीत.

मुदतीच्या बाबतीत इंडिया अलायन्स वेगळे ठरते. तिची फेलोशिप पाच वर्षांची असते, काही कोटी रुपयांच्या घरात जाते, आणि त्यात संशोधकाच्या वेतनाचीही सोय असते. नियमित पद असलेच पाहिजे अशी अट नाही. यजमान संस्था भारतातील असावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यांतील १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकमचे आहेत. त्यामुळे पुढची काही वर्षे हे दार उघडे राहील याची खात्री बाळगता येते. उंदरांवर किंवा मानवी नमुन्यांवर काम करणाऱ्याने माझ्या मते हाच मार्ग सर्वांआधी पाहावा, स्पर्धा कितीही कडक असली तरी.

एनआयएचचे आकडे मोठे आहेत हे खरे. अल्झायमर आणि संबंधित स्मृतिभ्रंशांवरचा तिचा वार्षिक खर्च २०११ मध्ये सुमारे ४५ कोटी डॉलर होता, तो अलीकडच्या वर्षांत ३८० कोटी डॉलरच्या आसपास पोहोचला. तिचे आर-०१ हे नेहमीचे संशोधन अनुदान पाच वर्षांपर्यंत चालते. प्राथमिक स्वरूपाच्या कामासाठी असलेले आर-२१ दोन वर्षांत मिळून २,७५,००० डॉलरपर्यंतचे असते. परदेशी संस्थेला संस्थात्मक वरखर्च म्हणून आठ टक्केच मिळतात, त्यामुळे संस्थेच्या प्रशासनाला या अनुदानात फारसा रस वाटत नाही, हे अर्जदाराने आधी ओळखावे.

कोणाला कोणता प्रश्न आवडतो

एनआयएचकडे परदेशातून येणाऱ्या अर्जाला एक जास्तीची कसोटी लागते: अमेरिकेत सहज न मिळणारे असे काय या संशोधकाकडे, या लोकसंख्येत किंवा या साधनांत आहे? परीक्षानळीतील टाऊवर पुण्यातून केलेला अर्ज, तो कितीही उत्तम असला तरी, या कसोटीवर अडखळतो. भारतीय लोकसंख्येवर आधारलेला प्रश्न मात्र तिथे मजबूत ठरतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे लासी-डॅड हा अभ्यास. दिल्लीचे एम्स आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या सहकार्याने आणि एनआयएचच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या निधीतून तो झाला, आणि ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, हा अंदाज त्यातूनच २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील टाऊ किंवा अमायलॉइडचे प्रमाण भारतीयांत वेगळे का दिसते, मधुमेहाचा किंवा शिक्षणाचा त्यावर काय परिणाम होतो, असे प्रश्न असतील तर एनआयएचचा विचार जरूर करावा.

त्यातही अलीकडचा एक बदल ध्यानात घ्यायला हवा. पूर्वी अमेरिकी विद्यापीठाच्या मुख्य अनुदानातून भारतीय सहकाऱ्याला उप-अनुदान मिळत असे आणि बहुतेक भारतीय गट याच वाटेने तिथे पोहोचत. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी उप-अनुदानांची ही पद्धत थांबवून, प्रत्येक परदेशी संस्थेला मुख्य अनुदानाशी जोडलेले स्वतंत्र अनुदान देणारी रचना आणण्याचे जाहीर केले. ज्यांनी जुन्या पद्धतीच्या भरवशावर अमेरिकेतील सहकाऱ्याबरोबर बेत आखले असतील, त्यांनी ते नव्याने तपासावेत.

देणगी संस्थांचा कल वेगळा असतो. त्या अर्जदाराच्या देशापेक्षा कल्पनेकडे अधिक पाहतात, आणि कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या माणसाला संधी देणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. अल्झायमर्स असोसिएशनकडे आधी थोडक्यात इरादापत्र द्यायचे असते आणि ते निवडले गेले तरच पूर्ण प्रस्ताव मागवला जातो. त्यामुळे नाकारले गेल्यास वाया जाणारे श्रम कमी असतात. तिच्या अनुदानाचा रकमेपलीकडचाही एक लाभ आहे. अल्झायमरच्या जगात हे नाव सर्वांना माहीत असल्याने पुढच्या मोठ्या अर्जात त्याचे वजन पडते, विशेषतः अर्जदार छोट्या किंवा अपरिचित संस्थेतला असेल तेव्हा.

एएनआरएफला अल्झायमरचा प्रश्न इतर सर्व विज्ञानांच्या रांगेत उभा दिसतो. याचा तोटा असा की परीक्षकाला टाऊची बारीक गुंतागुंत माहीत असेलच असे नाही. फायदा असा की अल्झायमरच्या क्षेत्रात त्या वेळी कोणती कल्पना जोरात आहे याचा दबाव कमी असतो. हा फायदा मी हलका मानत नाही. अमायलॉइड साचणे हेच रोगाचे मूळ, या कल्पनेने १९९२ नंतर तीस वर्षे निधीचा मोठा भाग आपल्याकडे ओढला. लेकॅनेमॅबसारख्या, अमायलॉइड हटवणाऱ्या औषधाने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केल्याने त्या कल्पनेला आधार मिळाला. पण याच काळात, २००६ साली गाजलेला अमायलॉइडवरचा एक शोधनिबंध प्रतिमांतील फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. ज्याची कल्पना अमायलॉइड आणि टाऊ या दोन्हींच्या कडेला आहे, उदाहरणार्थ वृद्धांच्या मेंदूत साचणारे टीडीपी-४३ हे प्रथिन, त्याला भारतीय सरकारी निधीत अधिक मोकळीक मिळू शकते.

कागदपत्रे आणि पैसा प्रत्यक्ष हातात येणे

हा भाग अर्जदार शेवटी पाहतात. तो आधी पाहावा. परदेशी निधी स्वीकारण्यासाठी संस्थेला परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांकडून होणे बंधनकारक आहे अशा संस्थांना यातून सूट आहे. खाजगी विश्वस्त संस्थेच्या महाविद्यालयात काम करणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच नसेल तर देणगी संस्थेचे अनुदान मिळूनही ते घेता येणार नाही. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेने परदेशी अनुदान घेऊन त्यातला वाटा पुण्याच्या रुग्णालयाला द्यायचा, असा बेत कागदावरच अडकू शकतो. मानवी नमुने किंवा रुग्णांची माहिती असलेल्या परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. तिचे सचिवालय भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडे (आयसीएमआर), म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे आहे. एनआयएचसाठी संस्थेला अमेरिकी सरकारच्या प्रणालींत नोंदणी करावी लागते आणि तिला काही आठवडे जातात.

भारतीय अनुदानात अडचणी वेगळ्या येतात. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कसा खर्च झाला याचे) वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. अनेक केंद्रीय योजनांत पैसा आता शून्य शिल्लक खात्यातून खर्चमर्यादेच्या रूपाने मिळतो, त्यामुळे मार्चअखेरीस परदेशी अँटीबॉडीची (विशिष्ट प्रथिन ओळखणाऱ्या रेणूची) ऑर्डर अर्धवट राहिली तर नव्या वर्षातली मर्यादा येईपर्यंत थांबावे लागते. प्रकल्प सहायकाचे वेतन रखडले की प्रशिक्षित माणूस निघून जातो, आणि टाऊ शुद्ध करण्याचा हात बसलेला माणूस गमावणे हे साठ लाखांच्या प्रकल्पातले सर्वांत मोठे नुकसान असते. दोन गोष्टींत अलीकडे खरा दिलासा मिळाला. कायद्याने स्थापन झालेल्या किंवा आयकर सवलत असलेल्या विद्यापीठांना आणि संशोधन केंद्रांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानांवरील जीएसटी ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला. आणि जून २०२५ मध्ये केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना जीईएम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरून खरेदीचा अधिकार मिळाला व निविदेविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. अँटीबॉडीसारख्या वस्तू योग्य त्याच कंपनीच्या असाव्या लागतात, म्हणून या क्षेत्राला हा बदल विशेष उपयोगाचा आहे.

मी काय सुचवेन

परीक्षानळीतील तंतूंवर काम करणाऱ्याने रुजू होताच एएनआरएफकडे अर्ज करावा, त्याच पैशातून टाऊच्या त्या छोट्या तुकड्याचे तंतू बनवून त्यांची रचना राष्ट्रीय क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुविधेत तपासून घ्यावी, आणि ते निकाल हातात आल्यावर दुसऱ्या वर्षी अल्झायमर्स असोसिएशनला इरादापत्र पाठवावे. अशा अर्जदाराने पहिल्या तीन वर्षांत एनआयएचच्या मागे लागू नये. अर्जापासून निधी सुरू होईपर्यंत जाणारा वर्षभराचा काळ प्रयोगांत घालवणे अधिक चांगले. उंदरांवर काम करणाऱ्याने इंडिया अलायन्सची तयारी उंदीर येण्याआधीच सुरू करावी, आणि ती फेलोशिप मिळाली नाही तर प्रकल्प लहान करून आधी पेशींवर करावा. तीन वर्षांच्या निधीत वृद्ध उंदरांचा प्रयोग कोंबू नये. मानवी नमुन्यांवर काम करू इच्छिणाऱ्याने निधीच्या आधी न्यूरोलॉजिस्ट सहकारी आणि नैतिकता समितीची मान्यता मिळवावी, कारण त्यांच्याशिवाय चारही मार्गांवरचा अर्ज पोकळ वाटतो. ती जुळवाजुळव झाली की आयसीएमआर आणि इंडिया अलायन्स हे दोन्ही पर्याय खुले होतात, आणि नमुने मोठ्या संख्येने असतील तर एनआयएचसुद्धा.

मार्ग कोणताही असो, पहिली भेट संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याची घ्यावी आणि तीन प्रश्न लेखी विचारावेत: परकीय निधी घेता येतो का, प्रकल्प कर्मचाऱ्यांचे वेतन हप्ता येण्याआधी संस्था तात्पुरते देऊ शकते का, आणि शीत साखळीतून येणारा माल विमानतळावरून कोण सोडवून आणते. तिसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर महागड्या अँटीबॉडीवर आधारलेला कोणताही प्रस्ताव लिहिण्याआधी ती व्यवस्था उभी करून घ्यावी.