गोव्यात फ्लॅट की हॉटेल?

आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं, मुक्काम चार रात्रींचा. दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा की हॉटेलात दोन खोल्या?

आधी पैसे. फ्लॅटचं साइटवर दिसणारं भाडं अर्धवट असतं. साफसफाईचा आकार आणि साइटचं शुल्क धरून येणारी रक्कम रात्रींनी भागा, अनामत वेगळी. साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, म्हणून फ्लॅट एका रात्रीला महाग, चार रात्रींना परवडतो. हॉटेलात रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्यापुढे १८. नाश्ता धरलाय का, विचारा.

‘स्वयंपाकघर आहे’ एवढ्यावर भुलू नका. बरेचदा इंडक्शनची एकच शेगडी असते आणि भांडी ॲल्युमिनियमची, म्हणजे तापणारच नाहीत. शेगडी, कुकर, पाण्याचा फिल्टर यांचे फोटो मागवा. पावसाळ्यात वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, एसी नाही. लिफ्टचंही विचारून ठेवा. आजोबांचे गुडघे तिसरा मजला चढणार नाहीत.

रात्री उशिरा मडगावला उतरणार असाल तर हॉटेलच बरं. फ्लॅटची किल्ली केअरटेकरकडे, आणि तो फोन उचलेलच असं नाही.

फ्लॅटचा पर्यटन खात्याकडचा नोंदणी क्रमांक मागा. सोबत परदेशी पासपोर्टवाला पाहुणा असेल तर जागा देणाऱ्याला २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. हॉटेलांना ते सवयीचं, फ्लॅटमालकाला आधी विचारावं.

तीनपेक्षा जास्त रात्री, लहान मुलं, पथ्याचं जेवण: फ्लॅट. एक-दोन रात्री किंवा जोडपंच असेल तर हॉटेल.