प्राचीन डीएनएसाठी नमुना: पेट्रस हाड की दात?

सांगाडा उष्ण प्रदेशातला असेल तर आमची पहिली पसंती पेट्रसला. कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवतीचं हे हाड कमालीचं घट्ट; पाणी आणि जिवाणू सहज शिरत नाहीत, म्हणून मानवी डीएनए जास्त टिकतो. सुमारे 50 मिलिग्रॅम भुकटी पुरते. ड्रिल कमी वेगाने चालवायचं, कारण हाड तापलं की उरलासुरला डीएनएही तुटतो. आधी सीटी स्कॅन करा, आणि डावं-उजवं दोन्ही पेट्रस असतील तर एक राखून ठेवा. तरी खात्री नाहीच: पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाचे 61 नमुने तपासले, 2019 मध्ये जीनोम (संपूर्ण डीएनए-आराखडा) प्रसिद्ध झाला तो एकाच व्यक्तीचा.

दाताच्या मुळावरचा कठीण थर, सिमेंटम, हाही चांगला, आणि कवटी शाबूत राहते. प्लेगचा जंतू शोधायचा तर दातच हवा. गराच्या पोकळीत रक्तातून आलेले जंतू अडकून राहतात. तडकलेला दात मात्र नको.

हाताळणाऱ्याचा डीएनए मिसळणं हे दोन्हीकडचं दुखणं. डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन या घटकाच्या जागी थायमिन हा घटक वाढलेला दिसणं ही जुन्या डीएनएची खूण; ती दिसत नसेल, तर निकालावर विश्वास ठेवू नये.