बेळगावातनं दोन दिवस कला बघायला खाली उतरायचं तर वेंगुर्ला रोड की चोर्ला?

मावसबहिणीची पोरगी दहावी झाली, चित्रं बरी काढते, आता कलेलाच जायचं म्हणतेय. ताईच्या मनात आलं की पोरीला एकदा समुद्राकडच्या लहान गावात न्यायचं आणि तिथली कला, ती करणारी माणसं दाखवायची. शनिवार-रविवार हातात, घरची गाडी, आणि फोनवर प्रश्न एकच, सावंतवाडी-वेंगुर्ला करू की पणजी? मी दोन्हीकडं बऱ्याचदा गेलोय, कधी एकटा, कधी पोरांना घेऊन, त्यामुळं तासभर बोलत बसलो आणि मग वाटलं की हे नीट लिहून काढावं, कारण आपल्या टिळकवाडी-शहापुरात अशी आवड असलेली पोरं आणि असे दोनच दिवस हातात असलेले आईबाप भरपूर आहेत.

अंतरावरनं काही ठरत नाही हे आधी सांगतो. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली, तिथनं घाट उतरला की सावंतवाडी, साधारण पंचाण्णव-शंभर किलोमीटर, आणि वेंगुर्ला पुढं तीसेक. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल याच रस्त्यानं वेंगुर्ला बंदराला जायचा, आपण रोज तोंडानं वेंगुर्ला रोड म्हणतो ते त्यावरनंच. चोर्ला घाटानं जांबोटी, कणकुंबी, साखळी, मग पणजी, एकशेदहा-वीस होतंय. दोन्हीकडं अडीच-तीन तास धरा. पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुकं असतंय, निघायच्या आधी रस्ता चालू आहे का तेवढं विचारून घ्या.

खरा फरक तिथं पोचल्यावर कळतो. पणजीत तुम्ही काय बघता तर झालेलं काम, भिंतीवर लावलेलं, उजेड नीट सोडलेला, खाली नावाची पट्टी. सावंतवाडीच्या बाजूला काम चालू असतंय, माणूस समोर बसून करत असतो, मध्येच मान वर करून तुमच्याशी बोलतो पण. पोर कुठल्या टप्प्यावर आहे आणि तिनं आधी काय बघितलंय त्यावर निवड करायची.

आता बेळगावच्या पोरांनी काय बघितलेलं असतंय? आपल्याकडं चित्रकला चांगली रुजलेली आहे, के. बी. कुलकर्णींनी इथं पिढ्या घडवल्या, रवी परांजपे त्यांचेच शिष्य, त्यामुळं निसर्गचित्र, व्यक्तिचित्र, जलरंग हे इथल्या पोराला लहानपणापासनं दिसतं, क्लासला पण तेच शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण घराण्यात चालत आलेली, एकाच ठरलेल्या आकारात शेकडो वेळा काढायची, गाऊन दाखवायची, खेळायला वापरायची अशी चित्रं आपल्या पोरांनी बघितलेलीच नसतात. म्हणून माझं मत पहिल्यापासनं वेंगुर्ला रोडकडं झुकलेलं आहे, ते लपवत नाही.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाला राजवाडा आहे, तिकीट काढून आत जायचं, तिथं गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले असतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, एक राजा, एक प्रधान आणि मग एक्क्यापासनं दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. दश्शी म्हणजे तळहातावर मावेल एवढ्या गोलात दहा मासे बसवायचे, सगळे सारखे, आणि ब्रश इतका बारीक की बघणाऱ्याचाच श्वास अडकतोय. जुन्या काळी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून पत्ता करायचे आणि वर लाखेचा हात द्यायचे. ही कला एका वेळी जवळजवळ संपलीच होती, पुंडलिक चितारी म्हणून एक म्हातारे कलाकार तेवढे उरले होते, त्यांच्याकडनं शिकून सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ती राजवाड्यात परत उभी केली. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. पोरीला हे तिथं उभं राहून सांगा, एका माणसाच्या हातावर अख्खी कला तरली होती हे त्या पत्त्यांसमोर ऐकलं तर डोक्यात राहतं. एक मात्र बघा, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि काम करणाऱ्याच्या उजेडात उभं राहू नका.

राजवाड्यातनं चितारआळीत या. लाकडी खेळणी, फळं, भातुकली, पाट, देव्हारे. खेळण्यांना परंपरेनं पांगाऱ्याचं लाकूड, हलकं असतं. आपल्या गोकाकला पण रंगवलेली लाकडी फळं होतात हे बऱ्याच बेळगावकरांना आठवत सुद्धा नाही. माझ्याकडं गोकाकचा पेरू आणि सावंतवाडीचा आंबा शेजारी-शेजारी ठेवलेत, रंग लावायची पद्धत, चकाकी, देठ कसा बसवलाय, हे नुसतं बघत बसलं तरी अर्धा तास जातो, पोरीला हाच गृहपाठ द्या. दुकानात मात्र सगळंच तिथलं नसतं, बाहेरनं आलेला माल पण मांडलेला असतो, त्यामुळं हे इथंच रंगवलंय का असं सरळ विचारायचं, दुकानदार सांगतात. गंजिफाचा अख्खा हाती रंगवलेला संच हजारांत जातो, त्यामुळं आधी बघायचं, घ्यायचं नंतर ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी पिंगुळी. कुडाळजवळ, सावंतवाडीपासनं पंचवीसेक किलोमीटर. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रांची पानं एकेक पुढं करत गाऊन सांगायची गोष्ट), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या, तिन्ही गोष्टी तिथल्या ठाकर आदिवासी कला आंगणात एका ठिकाणी बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. जायच्या आधी फोन करून या दिवशी येतोय, एवढी माणसं आहोत, खेळ बघायचाय असं सांगून ठेवा, नुसतं जाऊन उभं राहिलं तर भिंतीवरची चित्रं तेवढी दिसतील आणि मग पुस्तकात बघितल्यासारखंच होतंय. मला आधी चित्रकथी आवडायचीच नाही खरं तर, चपटी वाटायची, डोळे मोठे, सगळी एका बाजूला तोंड करून उभी. पण गाणं चालू झालं, एक पान मागं गेलं, दुसरं पुढं आलं, आणि तोच चपटा राक्षस आवाजाबरोबर हलतोय असं वाटायला लागलं, तेव्हा कळलं की हे चित्र भिंतीवर टांगून बघायचं नाहीच मुळी, ऐकत-ऐकत बघायचं. पिंगुळीला जायचं ते यासाठी.

आणि रात्री दशावतार. कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा झाली की तिकडं गावोगाव जत्रा लागतात आणि देवळाच्या पुढ्यात दशावतारी मंडळं येतात. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरलं की संवाद जाग्यावर, बायकांची कामं पुरुष करतात, हार्मोनियम, पखवाज, झांज आणि मागं एक पडदा, बस्स. आधी गणपती, संकासुर, मग मुख्य आख्यान. जत्रेतला खेळ उशिरा चालू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, त्यामुळं दुपारी झोप काढून ठेवा. चित्रं काढणाऱ्या पोरीला मी तर खेळाच्या आधीच नेईन, कलाकार आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवत असतात तेव्हा, लांबनं, त्यांना त्रास न देता. उन्हाळ्यापर्यंत खेळ मिळतात, पावसाळ्यात नाही.

वेंगुर्ल्याबद्दल मात्र जास्त अपेक्षा करू नका. गाव सुंदर आहे, बंदर, टेकडीवरचं दीपगृह, पडझड झालेली डच वखार, पण चित्रप्रदर्शनं बघत फिरावं असलं काही तिथं नाही. वही घेऊन बंदरावर बसायला उत्तम, होड्या, जाळी, उतरती कौलं, संध्याकाळचा उजेड. तेवढ्यासाठी मुक्काम वेंगुर्ल्यात करा म्हणतो मी.

श्रावणात कुणी जात असेल तर वेगळीच गोष्ट, तेव्हा गावागावांत गणपतीच्या शाळा चालू असतात. घरोघरचे पाट तिथं आणून ठेवलेले, ज्याच्या पाटावर त्याची मूर्ती, काही ठिकाणी अजून हातानं माती लावत घडवतात. आपल्याकडं पण मूर्तिकार आहेत, पण स्वतःचा पाट नेऊन द्यायची रीत आपल्या शहरात राहिली नाही, ते बघून मला गलबलून येतं.

आता पणजी. पणजीला कमी लेखायचं नाही. चाळीसेक हजार वस्तीचं शहर, 2011 च्या जनगणनेत तेवढंच होतं, आणि तेवढ्यात कलेच्या इतक्या जागा की आपल्या बेळगावला हेवा वाटावा. आल्तिनोच्या टेकडीवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट, 1972 पासनं, आणि तिथंच सुनापरांत, जिथं आजच्या कलाकारांची प्रदर्शनं लागतात. खाली फोंतेन्यासमध्ये रंगीत घरं, गल्ल्या, लहान गॅलऱ्या. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या फरश्यांवरची मोठी चित्रं आहेत, 1935 सालची, पोर्तुगीजांच्या महाकाव्यातले प्रसंग, ती चुकवू नका, फुकट आहे आणि गर्दी पण नसते. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी काढलेली माणसं तर गावभर भेटतात. कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी. पूल ओलांडून पिळर्णला सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा, 2015 ला चालू झालेलं, समुद्र आणि गोव्याचा इतिहास यावरची मोठमोठी कामं. शिंपल्यापासनं, होडीच्या लाकडापासनं पण कलाकृती होते हे बेळगावच्या पोराला तिथं पहिल्यांदा दिसेल, आणि मी काय करू शकते याचा अंदाज एकदम मोठा होतो.

डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, 2016 पासनं, मांडवीच्या काठाच्या जुन्या इमारती कामांनी भरून जातात. त्या दिवसांत जायचं असेल तर माझी शिफारस बिनधास्त पणजी. मात्र राहायला महाग पडतं, गाडी लावायला जागा मिळत नाही, कदंबाच्या बसनं गेलेलं परवडलं.

पणजीत माझं एकदा वाईट झालं ते सांगतो. सुट्टीचा दिवस बघून पोरांना घेऊन गेलो आणि दोन ठिकाणी दाराला कुलूप, एके ठिकाणी नवीन प्रदर्शन लागायचं होतं म्हणून भिंती रिकाम्या. फोनवर आदल्या दिवशी चालू आहे असं सांगितलं होतं. पोरं उन्हात कंटाळली आणि दिवस आईस्क्रीमवर संपला. गॅलरीत दोन प्रदर्शनांच्या मध्ये काहीच नसतं, त्यामुळं आज नक्की काय लागलंय हाच प्रश्न विचारायचा, चालू आहे का हा नाही.

कारवार-अंकोला-होन्नावरचं पण कुणीतरी विचारतंच. तिकडं यक्षगान आहे, होन्नावरजवळ गुणवंतेला केरेमने मंडळी 1934 पासनं आहे, अंकोल्याकडं हालक्की समाजाची गाणी आणि सुग्गी कुणित हा त्यांचा नाच. फार मोठा ऐवज आहे. पण लांब पडतं, दोन दिवसांत निम्मा वेळ गाडीत जाणार, आणि यक्षगानाचा खेळ कन्नडमधनं, संवाद कळले तरच मजा. घरात कन्नड चांगलं बोलत असाल आणि तीन-चार दिवस असतील तर जरूर जा, नाहीतर आत्ता नको.

दोन्ही एकाच फेरीत करू का, असंही ताईनं विचारलं, म्हणजे सावंतवाडी करून बांद्यावरनं पणजीत उतरायचं आणि चोर्ल्यानं वर यायचं. रस्त्याच्या दृष्टीनं होतंय, सोपं आहे. पण करू नका. पिंगुळीत दुपार गेली पाहिजे, राजवाड्यात एका कलाकाराच्या शेजारी तासभर बसलं पाहिजे, घड्याळ बघत ते होत नाही. हातात तीन दिवस असले तरी तिसरा दिवस वेंगुर्ल्याच्या बंदराला द्या. अगदी लहान पोरं बरोबर असतील, सात-आठ वर्षांची, तर बाहुल्यांसाठी पिंगुळी. बारावी झालेलं, कॉलेज निवडायच्या तयारीतलं पोर असेल तर आधी पणजी, कारण त्याला आज बाहेर काय चाललंय ते बघायची घाई असते आणि ती रास्त आहे.

ताईची पोरगी या दोन्हीच्या मधली, म्हणून तिला त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावरचा दुसरा शनिवार सांगितलाय, शनिवारी सकाळी राजवाडा, दुपारी वेंगुर्ल्यात थोडी झोप, संध्याकाळी बंदर, रात्री कुठल्या गावात जत्रा आहे ते राहायच्या ठिकाणी विचारायचं, आणि रविवारी उशिरा उठून पिंगुळी. पोरीनं दोन वह्या घेतल्यात, आणि गंजिफाच्या मापाचे गोल कागद पण कापून ठेवलेत असं काल ताईचा फोन आला.