शेणमाश्यांसाठी घेतलेला जाळीचा पिंजरा, तीन महिने वापरून

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सेप्सिड माश्या पाळायच्या होत्या म्हणून बर्डीतल्या एका दुकानातून ३० सेंटीमीटरचा जाळीचा पिंजरा घेतला. जाळी खरंच मस्त, एवढ्या बारीक माश्या पण एकही जाळीतून निसटली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेप्सिड म्हणजे शेणावर फिरते ती काळी, मुंगीसारख्या कमरेची माशी, चालताना सारखे पंख हलवते ना, तीच.

चेन मात्र एकदम बेकार, आठव्या दिवशी कोपऱ्यात फट पडली अन् अर्ध्या माश्या लॅबभर, मला रडूच आलं. शेवटी टेलरकडून चेनऐवजी कापडी बाही शिवून घेतली, आता हात घालून शेणाची वाटी आरामात बदलता येते.

शेण गोठ्यातून ताजं आणा पण गुरांना जंताचं औषध दिलंय का ते आधी विचारा, आयव्हरमेक्टिन शेणात उतरतं आणि अळ्या मरतात. आणल्यावर दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं म्हणजे दुसऱ्या किड्यांची अंडी मरतात. प्रौढ माश्यांना कापसावर साखरपाणी. मे मध्ये आपल्या नागपुरात शेणावर लगेच पापडी धरते, तेव्हा वाटीवर ओलं फडकं टाका.

बाजू पारदर्शक आहे त्यामुळे भिंग लावून अंडी दिसतात, अंडं शेणात आणि त्याची दोऱ्यासारखी लांब श्वासनळी वर आलेली, इतकं सुंदर दिसतं की मी तासभर बघत बसले होते. घ्या, फक्त चेन दुकानातच दहादा ओढून बघा.